'मारा हुआ' की 'मारते हुए'?

पत्र (थोडं आवरतं घेऊन):

काकू, रंगपंचमीच्या रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या गल्लीत गाडी लावण्यावरून मुलांचं भांडण झालं. आरडाओरडा आणि काहीतरी फटकन आपटल्याचा आवाज आला म्हणून मी गॅलरीत गेले. खाली मागच्या गल्लीतला एक मुलगा डोकं धरून बसला होता आणि त्याच्यासमोर आमच्या शेजारणीचा मुलगा हातात स्टंप घेऊन उभा होता. भिंतीपाशी आणखी एक जण होता, पण तोंडाला रंग फासलेला, त्यामुळे ओळखू आला नाही. दुसऱ्या दिवशी थान्यातून (पोलीस स्टेशनातून) हेड साहेब, म्हणजे हवालदार, घरी आले. बाकी सगळ्या गल्लीने खिडक्या लावून घेतलेल्या, दार उघडणारी मी एकटीच. मी त्यांना सांगितलं, "मैंने उसको मारा हुआ देखा." त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली. मी वाचलं नाही.

आता चालान, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, कोर्टात पेश झालंय. शेजारणीच्या वकिलांना त्याच्या नकला मिळाल्या, तेव्हा कळलं की माझ्या बयानात "स्टंप से मारते हुए देखा" असं लिहिलंय आणि त्या तिसऱ्या मुलाचं नावनिशाणही नाही. शेजारणीशी माझं १८ वर्षांचं हळदीकुंकू आहे. ती रोज रडत येते, "वहिनी, बयान मागे घ्या." तिचा भाऊ नोटरीचा कागद तयार करून घेऊन आला, त्यात लिहिलंय की मी काहीच पाहिलं नाही, पोलिसांनी मनाने लिहिलं. जाताना म्हणाला, "आपको भी इसी गली में रहना है." मार खाल्लेल्या मुलाचे वडील वेगळंच सांगतात, जसं लिहिलंय तसंच बोला. आमचे हे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आजारी आहे म्हणून कळव. बयान मागे कसं घ्यायचं? त्याचा काही फॉर्म असतो का, फी किती?

– एक शेजारीण, इंदूर

उत्तर:

ताई, फॉर्म नसतो आणि फीही नसते, कारण पोलिसांना दिलेलं बयान मागे घेण्याची सोयच कायद्यात नाही. ते तुमच्या नावावर असलं तरी तुमच्या मालकीचं नाही. तपासात तो कागद तयार झाला, चालानाबरोबर कोर्टात गेला, आता तो तिथेच राहणार. लोक थान्यात जाऊन "आम्हाला रिपोर्ट परत घ्यायचीय" असं म्हणतात, तेही असंच. दिलेली रिपोर्ट म्हणजे दुकानातून आणलेली साडी नव्हे, की रंग आवडला नाही म्हणून बदलून आणावी.

पण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या गेल्यात. बयानात चुकीचं लिहिलं गेलंय आणि ते दुरुस्त व्हायला हवं, ही एक. शेजारीण रडते म्हणून सगळंच पुसून टाकावंसं वाटतंय, ही दुसरी. पहिलीला रस्ता आहे. दुसरीसाठी जो रस्ता तुम्हाला दाखवला जातोय, त्यावर पुढे खड्डा आहे आणि तो तुमच्यासाठीच आहे, त्या मुलासाठी नाही.

मी २८ वर्षं इथल्या कोर्टात साक्षी टाइप केल्या. गवाहाच्या तोंडून निघालेला शब्द कागदावर येईपर्यंत कशी कूस बदलतो, हे मी माझ्याच बोटांनी पाहिलंय. तुमचं वाक्य घ्या. तुमच्या मनात मराठी होतं, "त्याला मारलेलं पाहिलं." म्हणजे मार बसून झाला होता, तुम्ही पाहिला तो नंतरचा देखावा. त्याचं हिंदी करताना तुम्ही "मारा हुआ देखा" म्हणालात. हेड साहेबांच्या कानाला ते अर्धवट वाटलं असणार. समोर स्टंप घेऊन उभा असलेला मुलगा, खाली बसलेला दुसरा, मग वाक्य पुरं कसं होणार? "मारते हुए." मला त्यात लबाडीचा वास येत नाही. घाई आहे, आणि आपल्या इंदुरी मराठी-हिंदी खिचडीचा दोष आहे. पण कोर्टात याच दोन शब्दांमध्ये एका मुलाची काही वर्षं मावतात.

आता त्या कागदाचं वजन समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. थान्यातली आणि कोर्टातली जुनी मंडळी अजूनही "एक सौ इकसठ का बयान" म्हणतात, म्हणजे जुन्या कायद्यातलं कलम १६१. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात ते कलम १८० झालं. हे बयान शपथेवर नसतं. त्याच्या पुढचं कलम १८१ सांगतं की त्यावर गवाहाची सही घ्यायचीच नसते. तुमची घेतली, ती चूक त्यांची. त्या सहीमुळे तो कागद शपथपत्र होत नाही. तो कागद म्हणजे पुरावाही नव्हे. पुरावा म्हणजे तुम्ही कठड्यात उभं राहून, शपथ घेऊन जे सांगाल ते. बयानाचा उपयोग एवढाच, की कोर्टात तुम्ही काही वेगळं बोललात तर वकील ते समोर धरून विचारतील, "पोलिसांना असं सांगितलं होतं का?" आधी हा हक्क बचावाच्या वकिलांचा, आणि कोर्टाने परवानगी दिली तर सरकारी वकिलांचाही.

एक गोष्ट मात्र नक्की करून घ्या. पोलिसांनी तुम्हाला कधी मॅजिस्ट्रेटसमोर नेलं होतं का? तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. नेलं असेल तर ते कलम १८३ चं, शपथेवरचं बयान. गुन्ह्याला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर हल्ली तसं बयान नोंदवणं मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक केलंय. ते झालं असेल तर या उत्तरावर विसंबू नका, सरळ वकील गाठा.

आता दुरुस्तीचा रस्ता. थाना प्रभारींच्या नावाने एक अर्ज लिहा. हिंदीत लिहा, म्हणजे पुन्हा भाषांतराचा घोळ नको. अर्जात रडगाणं नको, कोणाची बाजू नको, "मुलगा चांगल्या घरचा आहे" वगैरे तर मुळीच नको. तुम्ही काय ऐकलं, कुठून पाहिलं, काय दिसलं आणि काय दिसलं नाही, एवढंच. तुमच्यासाठी कामाचं वाक्य हे: "मैंने मारते हुए नहीं देखा, आवाज़ सुनकर बाहर आई तब वह सिर पकड़कर बैठा था।" त्याखाली स्टंप कोणाच्या हातात होता ते. हो, तेही लिहायचं. मग भिंतीपाशी उभा असलेला तिसरा मुलगा, तोंडाला रंग असल्यामुळे न ओळखलेला. आणि शेवटी विनंती, की माझं पूरक बयान घ्यावं, जमल्यास त्याचं रेकॉर्डिंग करावं. ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा कलम १८० मध्येच आहे. एक प्रत सहायक पोलीस आयुक्तांना, एक तुमच्या केसच्या सरकारी वकिलांना. थान्यातल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच परत फिरा. पावती देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ती चिठोरी जपून ठेवा. तुम्ही बाई आहात, तेव्हा पूरक बयानासाठी तुम्हाला थान्यात बोलावता येत नाही. तुम्ही जिथे राहता तिथेच त्यांनी यायला हवं, हे कलम १७९ मध्ये आहे.

चालान गेल्यावरही पोलीस पुढचा तपास करू शकतात. खटला सुरू झाला असेल तर कोर्टाची परवानगी लागते. ते करतील का? प्रामाणिकपणे सांगते, एका वाक्यासाठी बहुतेक वेळा कोणी हलत नाही. आणि तुम्ही स्वतः उठून मॅजिस्ट्रेटकडे गेलात की "माझं बयान घ्या", तर तेही होत नाही. पोलिसांनी पुढे केल्याशिवाय गवाहाला परस्पर तसं जाता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच ठरवलंय. मग अर्ज कशाला? उलटतपासणीसाठी.

ती कशी होते ते सांगते. तुम्ही कोर्टात म्हणाल, भिंतीपाशी आणखी एक मुलगा होता. कोणीतरी वकील बयान उघडून विचारेल, ही गोष्ट पोलिसांना सांगितली होती? तुम्ही म्हणाल, हो. मग लिहिलेली का नाही? यावर आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य टाइप व्हायचं, ते मी झोपेतही टाइप करीन: "यदि न लिखी हो तो मैं इसका कारण नहीं बता सकती." महत्त्वाची गोष्ट बयानात नसणं हीसुद्धा विसंगती धरली जाऊ शकते, म्हणून हा सगळा खटाटोप. पण तुमच्याकडे शिक्क्याची प्रत असेल तर चित्र पालटतं. कारण तुम्ही ती चूक आज, गवाहीच्या कितीतरी आधी, लेखी सांगितलेली असेल. आयत्या वेळी शेजारणीच्या डोळ्यातलं पाणी पाहून सुचलेली गोष्ट नव्हे ती.

अर्ज देण्याआधी एकदा वकिलाला दाखवा. शेजारणीच्या वकिलाला नव्हे, स्वतःच्या. खर्चाची काळजी नको. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात तशी तरतूदच आहे. १५१०० वर फोन केला तरी दिशा कळेल.

आता तो नोटरीचा कागद. ताई, या सगळ्या प्रकरणात तुम्हाला अडकवू शकेल अशी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे हा कागद. गंमत बघा. ज्या बयानाला तुम्ही घाबरताय ते शपथेवर नाही, आणि तुमची सुटका म्हणून जो पुढे केला जातोय तो शपथेवरचा. त्यात लिहिलंय की तुम्ही काहीच पाहिलं नाही. तुम्ही तर पाहिलंय. म्हणजे पहिलं शपथेवरचं खोटं तुमच्या सहीने तयार होणार, मुद्रांकासकट. न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत आहे. दर फिरलेल्या गवाहावर कोर्ट खटला चालवत नाही, हे मला माहीत आहे, उगाच भीती घालत नाही. पण चालवतं तेव्हा असाच एखादा कागद त्याच्या हातात असतो.

वडोदऱ्याचं बेस्ट बेकरी प्रकरण तुम्हाला आठवत असेल. १ मार्च २००२ ला १४ माणसं गेली. त्यातून वाचलेली, घरची माणसं गमावलेली जाहिरा शेख ही मुख्य साक्षीदार. तिने कोर्टात जबाब फिरवला, मग दबाव होता म्हणून सांगितलं, मग पुन्हा फिरवला. ८ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने न्यायालयाच्या अवमानासाठी तिला एक वर्षाची साधी कैद आणि ५०,००० रुपये दंड सुनावला. स्टंपच्या भांडणाशी त्या प्रकरणाची तुलना करायची नाही मला. पण "मला फिरवलं गेलं" असं सांगणाऱ्याचीही शेवटी स्वतःची सही असते.

आणि फिरून त्या मुलाचा फायदा होईलच असं कोण म्हणतं? जखमी मुलगा स्वतः साक्ष देणार, आणि जखमी साक्षीदाराच्या शब्दाला कोर्टात मोठं वजन असतं. डॉक्टरांचा कागद असणार, स्टंप जप्त असणार. तुम्ही "मला काही माहीत नाही" म्हणालात तर सरकारी वकील तुम्हाला पक्षद्रोही, म्हणजे फिरलेला गवाह, घोषित करून घेतील आणि बयानातली एकेक ओळ वाचून विचारतील, "यह कहना गलत है कि...?" तासभर "गलत है, गलत है" म्हणत बसायचं. एका गृहस्थांना त्याची इतकी सवय लागली की "आपका मकान उसी गली में है?" यालाही ते "गलत है" म्हणून गेले. जज्ज साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, मी टाइप करायची थांबले. बरं, फिरलेल्या गवाहाची साक्ष सगळीच कचऱ्यात जाते असंही नाही. त्यातलं जे पटतं ते कोर्ट वापरतं.

उलट तुमचं खरं वाक्य पाहा. मारताना पाहिलं नाही, आणि तिथे रंगवलेल्या तोंडाचा तिसरा कोणी होता. शेजारणीच्या वकिलाला थोडी जरी अक्कल असेल तर त्या नोटरीच्या कागदापेक्षा हे शंभर पटींनी मोलाचं आहे. तो कागद खोटा पाडायला पाच मिनिटं लागतील. हे खोटं पाडता येणार नाही, कारण ते घडलंय. अर्थात हातात स्टंप होता हेही घडलंय, आणि ते तुम्हाला सांगावंच लागेल. त्यामुळे मुलगा सुटेल की नाही, ते मी सांगू शकत नाही, आणि तो हिशेब तुमच्या डोक्यावर नाहीच.

जखमी मुलाच्या वडिलांनाही हेच उत्तर. "जसं लिहिलंय तसंच बोला" हा सल्ला शेजारणीच्या भावाच्या सल्ल्याचा जुळा भाऊ आहे. न पाहिलेलं पाहिलं म्हणणं आणि पाहिलेलं न पाहिलं म्हणणं, दोन्हींना कलम एकच.

तुमच्या यजमानांची म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ती फिर्यादीसाठी आहे. साक्षीदाराला पायरी चढायची की नाही हे कोणी विचारत नाही. समन्स येतं. आजारी म्हणून कळवलंत तर पुढची तारीख, मग जमानती वारंट, मग थान्याचा शिपाई सकाळी पोह्यांच्या वेळी दारात, गल्लीदेखत. त्यापेक्षा एका दिवसात जाऊन यावं.

"आपको भी इसी गली में रहना है" हे वाक्य तारीख, वेळ आणि ऐकणाऱ्यांची नावं घालून वहीत लिहून ठेवा. ती धमकी होती की नुसती कुरकुर, हे आज ठरवायची गरज नाही. पण खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २३२, आणि त्याचीही शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. पुन्हा असं काही झालं तर थान्यात लेखी द्या. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. तिच्याप्रमाणे जिल्ह्यात सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्याकडे सरकारी वकिलांमार्फत अर्ज करता येतो. तेवढी वेळ येईल असं मला वाटत नाही, पण रस्ता माहीत असावा.

राहिली तुमची शेजारीण. तिला हे माहीतच नसावं की ती चुकीच्या दारात रडतेय. भांडण मिटवायचं असेल तर ते मार खाल्लेला मुलगा मिटवू शकतो, तुम्ही नाही. आपल्या इथे त्याला राजीनामा म्हणतात. पुण्याच्या माझ्या भाच्याला वाटलं होतं की कोणीतरी नोकरी सोडतंय! साध्या दुखापतीचं कलम, ११५(२), असेल तर जखमी मुलगा तो स्वतः देऊ शकतो. हाड मोडलं असेल, ११७(२), तर कोर्टाची परवानगी घेऊन. काही कलमं अशी असतात की तिथे राजीनामा चालत नाही, मग दोन्ही पक्षांना एम. जी. रोडवरच्या हायकोर्टात जावं लागतं, आणि तिथेही मंजुरी मिळेलच असं नाही. चालानावर कोणतं कलम आहे ते तिच्या वकिलाला विचारायला सांगा. तिने मागच्या गल्लीत जाऊन त्या मुलाच्या आईसमोर बसावं. ते तुमच्या गॅलरीखाली रडण्यापेक्षा अवघड आहे, म्हणूनच ती अजून गेली नसेल.

ती पुढच्या वेळी आली की चहा करा. कागद तिचा तिला परत द्या, घरात ठेवून घेऊ नका. तिला एवढंच सांगा: "मी मारताना पाहिलं नाही, हे मी कोर्टात सांगणार आहे. स्टंप पाहिला, हेही सांगणार आहे. भिंतीपाशी कोण होतं ते तुझ्या वकिलाला मला तिथे विचारू दे." त्यावर ती रुसेल. संक्रांतीचं वाण कदाचित चुकेल.

गवाहीच्या दिवशी थोडं लवकर जा, सरकारी वकिलांना भेटून आपलं बयान एकदा वाचायला मागा, या वेळी शेवटपर्यंत. आणि चष्मा लागत असेल तर तो घालून जा. गॅलरीतून दिव्याचा खांब किती लांब होता आणि त्या रात्री तुमच्या डोळ्यांवर चष्मा होता का, हे दोन प्रश्न येणारच आहेत.